निवडुंग व गव्हाणी घुबड

बांधावरील निवडुंग आणि पडक्या वाड्यांतील घुबड, या दोहोंस अशुभ मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. शेतकऱ्यानें मात्र त्यांची पारख त्यांच्या कामावरून करावी. दोघांचाही मुख्य व्यवहार रात्रींच चालतो.

अकोल्याचा डोंगराळ भाग वगळल्यास नगर जिल्ह्याचा बहुतेक मुलूख पर्जन्यछायेंत येतो. पारनेर, कर्जत, जामखेडकडील माळांवर वैशाखांत गवत करपतें, पण फड्या निवडुंग हिरवाच असतो. ज्वारीसारखीं पिकें दिवसां पानांवरील सूक्ष्म छिद्रें उघडून हवेंतील कर्बवायु घेतात व त्याच वाटेनें पाणी गमावतात. निवडुंग हीं छिद्रें रात्रीं गारव्यांत उघडतो, घेतलेला वायु आम्लरूपानें सांठवितो, आणि दिवसां दारें मिटून उन्हाच्या बळावर त्याचें अन्न करतो. पानफुटीचेंही असेंच आहे. तिचें पान सकाळीं आंबट व दुपारीं बेचव लागतें, हें बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानें हिंदुस्थानांतच चाखून पाहिलें. त्याचा लेख १८१५ सालीं प्रसिद्ध झाला.

घुबडास रात्र हवी ती उंदरांसाठीं. गव्हाणी घुबडाचे दोन कान सारख्या उंचीवर नसतात. त्यामुळें खसखस नेमकी कोठें झाली हें त्यास कळतें व गडद अंधारांतही झडप चुकत नाहीं. न पचलेलीं हाडें व केंस तें गोळ्यांच्या रूपानें ओकून टाकतें. असा गोळा पाण्यांत भिजवून फोडून पाहावा. आपलें धान्य कोण राखीत होतें, तें आंतील कवट्याच सांगतील.

निवडुंगास मात्र आवर घालावा लागतो. हा अमेरिकेहून आलेला पाहुणा माळचे माळ व्यापून बसला होता. १९२६ नंतर सोडलेल्या कोचिनील किड्यांनीं दक्षिणेंत तो पुष्कळ हटविला. दुष्काळांत कांटे जाळून तो जनावरांस घालतां येतो, परंतु त्यांत पाणीच फार, म्हणून कडब्याबरोबरच द्यावा. नुसता दिल्यास जनावर ढाळतें.

घुबडाचा असा उपद्रव कोणी ऐकिला नाहीं. तरी त्यास दगड मारणारे आहेतच, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें तो गुन्हा आहे. याहून मोठें भय आपल्याच हातून होतें. उंदरांस विष घातल्यास मेलेले उंदीर रोज पहांटे वेंचून खोल पुरावे. तसा एखादा घुबडाच्या पोटांत गेल्यास त्यासही विष बाधूं शकतें, आणि पुढच्या हंगामांत उंदीर तेवढे उरतात.