पहिल्या गुरूचा अर्धा धडा



अवधूतांच्या चोवीस गुरूंची नावे आपल्यापैकी पुष्कळांना पाठ असतात. पहिली पृथ्वी. लोक तिला नांगरतात, खणतात, तुडवतात, ती सहन करते. तिच्याकडून क्षमा घ्यायची. एवढे म्हणून आपण वायूकडे वळतो. मीही वर्षानुवर्षे अशीच पुढे जात होते.

माझ्या थोरल्या जाऊबाईंची जीभ तिखट. दत्तजयंतीला सगळे कुटुंब त्यांच्याकडे जमायचे आणि माझ्या हातच्या प्रसादाच्या शिऱ्यापासून मुलांच्या मार्कांपर्यंत काही ना काही टोमणा ठरलेला. मी उलट बोलत नसे. सगळे म्हणायचे, धाकटी फार शांत. मलाही ते पटले होते. पण घरी परतताना रिक्षातच यजमानांपुढे सगळे उगाळायचे, मग बहिणीला फोन, मग मुलीला. वीस वर्षांपूर्वीचा टोमणा मला तारीखवार आठवायचा. ही कसली क्षमा? ती तर उधारीची वही!

भागवताच्या एकादश स्कंधाचा सातवा अध्याय उघडून पाहा. अवधूत यदुराजाला सांगतात, की लोकांनी त्रास दिला तरी ते दैवाच्या अधीन आहेत हे ओळखावे आणि आपल्या वाटेवरून ढळू नये. बोलणारा स्वतःच कशाच्या तरी ओझ्याखाली आहे, हे आधी बघायचे. आणि धडा तिथे संपत नाही. लगेच पुढच्या श्लोकात पर्वत आणि वृक्ष येतात. ती पृथ्वीचीच रूपे. त्यांचे असणेच दुसऱ्यांसाठी, म्हणून साधूने परोपकार त्यांच्याकडून शिकावा. म्हणजे सोसणे हा अर्धा धडा झाला. नांगरलेल्या जमिनीतून धान्य वर येते, तो उरलेला अर्धा. मी तो कधी घेतलाच नव्हता.

याच एकादश स्कंधावर नाथमहाराजांनी टीका लिहिली आणि 1573 साली काशीत पूर्ण केली. त्यांचे गुरू देवगिरीचे जनार्दनस्वामी, थोर दत्तभक्त. नाथांच्या अंगावर गोदाकाठी थुंकणाऱ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. किती वेळा तो थुंकला आणि किती वेळा नाथांनी स्नान केले, हेच आपण मोजत बसतो. शेवटी तो माणूस शरमून पाया पडला, तेव्हा नाथ म्हणाले, तुमच्यामुळे आज मला इतक्या वेळा गोदास्नान घडले. त्यांनी हिशेब ठेवला तो उपकाराचा. आणि त्यात उपरोध नव्हता, हे विशेष. तेच वाक्य मी म्हटले असते तर टोमणा झाला असता!

एक मात्र स्पष्ट सांगते. घरात सुनेचा छळ होत असताना तिला ‘सोस बाई, पृथ्वी हो’ म्हणणे ही क्षमा नव्हे. तिथे छळणाऱ्याला अडवलेच पाहिजे. मी बोलते आहे ते आपल्या स्वतःच्या मानापमानाबद्दल.

तर दोन वर्षांपूर्वी जाऊबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. मुले परगावी, भावोजी गेलेले. दिवसातून चार वेळा डोळ्यांत औषध घालायचे होते. मी जाऊ लागले. खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी मनात चांगुलपणा कमी आणि ‘आता बघू कशा बोलतात’ हाच भाव जास्त होता. दार उघडताच त्या म्हणाल्या, “आलीस? मिळाला का वेळ?”

उत्तर जिभेवर तयार होते. पण बाटली धरलेला त्यांचा हात थरथरत होता. इतकी वर्षे तोंडाकडेच पाहत होते, हात कधी पाहिलाच नव्हता. एकटीने रात्र काढून त्या घाबरल्या होत्या. मी म्हटले, “हो वहिनी. बसा, मान मागे करा.”

त्यांचा स्वभाव काही पालटला नाही. औषध गालावर ओघळले की अजून ऐकावे लागे. फरक इतकाच झाला, की घरी आल्यावर यजमानांनी विचारले, “आज काय म्हणाल्या?” तर मला पटकन आठवेना.

पुढे औषध बंद झाले. शेवटच्या दिवशी मी चपला घालत होते, तेव्हा आतून आवाज आला, “उद्या येशील ना? चहा तरी घेऊन जा कधी.”

दुसऱ्या दिवशी चारला गेले. चहात साखर जरा जास्तच होती. मी काही बोलले नाही, आणि घरी येऊन सांगितलेही नाही.