नाताळच्या झाडाला सेलची माळ की प्लगची?

प्रश्न : घरात प्लास्टिकचं नाताळचं झाड आहे, शेजारी पेंढा घालून गोठा करतो. लहान मुलं आहेत. सेलवरची एलईडी माळ घ्यावी की प्लगवरची? – एक वाचक, वसई

उत्तर : झाडाजवळ प्लग असेल तर अडॅप्टरची माळ घ्या. अडॅप्टर २३० व्होल्टचा दाब बराच खाली आणतो, त्यामुळे मुलांनी तारेला हात लावला तरी झटक्याची भीती जवळजवळ नसते. बाजारातल्या अनेक स्वस्त माळांत मात्र अडॅप्टर नसतो. प्लगमधली वीज थेट दिव्यांपर्यंत जाते आणि तारेचं आवरण कुठे सोललं, तर धोका खरा असतो. ही माळ मुलांच्या घरात नकोच. खोक्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांकही पाहा.

सेलचा हिशेब खर्चिक पडतो. तीन डबल-ए अल्कलाइन सेलवरची, साधारण १५० मिलिअँपिअर घेणारी माळ पंधराएक तास चालते, तीही शेवटी मंदावत. २४ डिसेंबर ते ६ जानेवारी, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत, रोज सहा तास लावलीत तर पंधरा-अठरा सेल लागतील. तेवढ्याच काळात ५ वॅटची प्लगची माळ अर्धं युनिटही जाळत नाही.

गोठ्यात मात्र मी सेलचीच छोटी माळ लावेन. वायर ओढावी लागत नाही. पण सेलचा डबा पेंढ्यात पुरू नका, आणि त्याचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. सण संपला की सेल काढून ठेवा, नाहीतर गळून डबा खराब होतो.