छपाईपूर्वी सुती कापडाला हिरड्याची प्रक्रिया



पेरणीपूर्वी बीजप्रक्रिया करावी, हे आम्ही आपणांस वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू संवर्धक, हा क्रम चुकला तर पैसा जातो आणि उपयोग होत नाही. कापडाचेही तसेच आहे. शहरात आता यंत्राने थेट टी-शर्टवर छपाई करतात. तेथेही गडद कापडावर आधी एक द्रावण फवारून ते गरम दाबयंत्राखाली वाळवावे लागते, नाहीतर पांढरी शाई कापडात मुरते व चित्र फिके पडते. ठशांनी नैसर्गिक रंगांची छपाई करणाऱ्या आपल्या बचत गटांसाठी हेच काम हिरडा करतो.

प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा अध्यापक. कापूस वेचून झाला की आमचा संबंध संपतो. परंतु दोन वर्षांपूर्वी एका गटाच्या 40 ओढण्यांपैकी 17 व्यापाऱ्याने परत केल्या. काळा रंग कोठे गडद, कोठे करडा, तर काठाजवळ नुसताच डाग. त्या भगिनींनी विचारले, "सर, रंगातच खोट असेल का?" रंग चांगला होता. चूक त्याआधी झाली होती, आणि ती एक नव्हे, दोन होत्या.

पहिली चूक धुण्याची. कोऱ्या मांजरपाटाला मागावरची खळ असते आणि कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो. थंड पाण्यात खंगाळून हे दोन्ही जात नाही. कापड रात्रभर पाण्यात भिजवावे म्हणजे खळ सैल होते. दुसऱ्या दिवशी एक किलो कोरड्या कापडास 20 लिटर पाणी, 30 ग्रॅम धुण्याचा सोडा व 20 ग्रॅम साबण या प्रमाणात तासभर उकळावे. पाणी पिवळसर तपकिरी होईल. ती घाण कापडातलीच असते. नंतर स्वच्छ पाण्यात तीन-चार वेळा खळबळून वाळवावे व कापडावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. थेंब लगेच जिरला तर ठीक. मोत्यासारखा वर राहिला तर कापड पुन्हा उकळावे. दुकानदार "धुतलेलेच आहे" म्हणाला तरी ही परीक्षा सोडू नये.

कापड निव्वळ सुती आहे ना, हेही आधीच पाहावे. चार धागे काढून जाळावेत. सूत कागदासारखे जळून राख होते; पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. असे मिश्र कापड या कामास घेऊ नये.

आता हिरडा. लोकर व रेशीम तुरटी सहज धरून ठेवतात, सूत मात्र ठेवत नाही. हिरड्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य सुताला चिकटते, तुरटीतील किंवा लोखंडातील धातू त्या टॅनिनला धरतो. पुढे तुरटीवर मंजिष्ठाचा लाल रंग बसतो, तर लोखंडामुळे हिरड्यावर थेट काळा रंग उमटतो. म्हणजे ही साखळी आहे. मधली कडी काढली की पुढचे सर्व धुऊन जाते.

यासाठी पक्व हिरडा घ्यावा. जुन्नर, आंबेगावच्या डोंगरातून येणारा बाळहिरडा औषधासाठी जातो व त्याला भावही अधिक मिळतो. तो रंगकामात घालणे परवडणारे नाही. टॅनिन मुख्यतः गरात असते, म्हणून बी काढून गराचीच पूड करावी. एक किलो कापडास 200 ग्रॅम पूड पुरते. ती रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालावी, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळून पाणी 10 लिटर करावे व त्यात कापड तासभर बुडवून वरचेवर हलवत राहावे. भांडे स्टीलचे किंवा प्लास्टिकचे असावे. लोखंडी घमेले, गंजलेली बादली, एवढेच काय पण लोहयुक्त बोअरचे पाणीही कापड काळवंडून टाकते.

कापड सारखे पिळावे, पण यानंतर अजिबात धुवू नये.

गटाची दुसरी चूक येथे झाली. ओढण्या तारेवर टांगल्या होत्या. द्रावण निथळून खालच्या काठाशी जमले, तेथे हिरडा जास्त बसला आणि वर कमी पडला. कापड स्वच्छ जागेवर सपाट पसरून उन्हात वाळवावे. पाणी उडून जाताना द्रव्य उन्हाकडील बाजूस ओढले जाते व ती बाजू अधिक पिवळी दिसते. छपाई त्याच बाजूस करावी. ती ओळखण्यासाठी कोपऱ्यात दोऱ्याची खूण घालून ठेवावी, कारण घडी घातल्यावर दिव्याच्या उजेडात फरक कळत नाही.

काळ्या रंगासाठी गुळाच्या पाण्यात गंजके लोखंड पंधरा-वीस दिवस आंबवतात. त्याचे प्रमाण जपावे. लोखंड जास्त झाले की काही दिवसांनी कापड त्या जागी विरते. लाल रंगासाठी तुरटीच्या पाण्यात चिंचोक्याची खळ मिसळून ठसा मारावा. दोन्हींची परीक्षा आधी वीतभर तुकड्यावर घ्यावी व वजने वहीत लिहून ठेवावीत.

चोथा शेणखताच्या खड्ड्यात टाकता येतो. हिरडा दिलेले कापड छपाईस वेळ असल्यास कोरडे करून सुती फडक्यात बांधावे व लाकडी फळीवर ठेवावे. लोखंडी पेटीत ठेवू नये; पावसाळी हवेत ओल धरली तर पेटीचा प्रत्येक खिळा कापडावर उमटतो.