मेंदूची तटबंदी आणि स्मृतिभ्रंश

घरातील वृद्ध व्यक्ती तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली, रोजची वाट चुकू लागली, की आपण 'म्हातारचळ' म्हणून सोडून देतो. काही घरांत तर करणीचा संशय घेऊन देवऋषी गाठला जातो. वास्तविक हा स्मृतिभ्रंश, म्हणजे मेंदूचा विकार असू शकतो. त्याच्याशी निगडित एक बिघाड आता सुई न टोचताही मोजता येऊ लागला आहे.

१८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. बहुतेक अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि उर्वरित शरीर कोरे राहिले. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात. त्या प्राणवायू व ग्लुकोज आत जाऊ देतात, अपायकारक द्रव्ये बाहेर थोपवतात. या तटबंदीस रक्त-मेंदू अवरोध म्हणतात.

ही तटबंदी वयाबरोबर स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पस भागात झिरपू लागते आणि सौम्य विस्मरण असलेल्यांत ही गळती अधिक असते, असे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांना २०१५ साली आढळले. त्यांनी शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य देऊन एमआरआयद्वारे गळती मोजली होती. नव्या पद्धतीत इंजेक्शनचीही गरज नाही. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तातील पाण्यावरच चुंबकीय खूण केली जाते आणि ते पाणी भिंत ओलांडून किती वेगाने मेंदूत उतरते, हे मोजले जाते. ज्यांची मूत्रपिंडे दुर्बल आहेत, अशा वृद्धांसाठी हे विशेष मोलाचे आहे. मात्र ही तपासणी अजून संशोधनापुरती मर्यादित आहे.

मग नरसी परिसरातील कुटुंबांनी यातून काय घ्यावे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतातील साठीवरील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. शहरांत हे प्रमाण ५.३ टक्के, तर खेड्यांत ८.४ टक्के आहे. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार चौदा धोके दूर झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपणा हे त्यांपैकीच. आणि बालपणी शिक्षण न मिळणे हाही त्यांतलाच एक धोका आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थांबावेच लागते. ज्यांना पिढ्यानपिढ्या अक्षर नाकारले गेले, त्यांच्या वार्धक्यावरही त्या नकाराचे ओझे आहे. आपल्या निरक्षर आईवडिलांनी मोलमजुरी करून आपल्याला वसतिगृहात ठेवले. आज त्यांना विसर पडू लागला असेल, तर त्यांना भगताकडे नव्हे, डॉक्टरांकडे न्यावे. रक्तदाब, साखर, थायरॉइड व बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. काहींचे विस्मरण याच उपचारांनी सुधारते. शिकलेल्या लेकरांकडून त्यांची एवढी अपेक्षा रास्तच आहे.