थांबायला लागणारे अंतर



सुट्टी संपवून तुम्ही परत आलात की पहिल्या तासाला मी दरवर्षी एकच काम देतो: सुट्टीत पाहिलेली अशी एक घटना लिहा, जिच्यात गतीचे नियम दिसतात. बहुतेक वह्यांत विहिरीत मारलेली उडी असते, नाहीतर आंब्याच्या झाडावरून पडलेला आंबा. यंदा बारावीच्या एका मुलाने वेगळे लिहिले. नाव न छापण्याच्या अटीवर त्याने ते येथे सांगायला परवानगी दिली आहे.

वडिलांची मोटारसायकल, गावाबाहेरचा सरळ डांबरी रस्ता, सकाळची वेळ. काटा 80 वर. शेतातल्या पायवाटेने सायकलवरचा एक दूधवाला रस्त्यावर आला. याने ब्रेक दाबला, गाडी घसरली, हँडल दुधाच्या किटलीला लागले आणि दोघेही पडले. शेवटची ओळ अशी होती : ‘सुदैवाने मला काही झाले नाही.’

त्या ओळीखाली मी लाल रेघ मारली आणि त्याला बोलावून विचारले, दूधवाल्याचे काय झाले? मांडीचे हाड मोडले होते. तो तीन महिने खाटेवर होता. दुधाचा रतीब चुकू नये म्हणून त्याची नववीतली मुलगी शाळेआधी घरोघर दूध घालत होती. हे सगळे त्या मुलाला ठाऊक होते, पण लिहावेसे वाटले नव्हते. मला राग वेगाचा आला नाही. त्या वयात वेगाची ओढ असतेच, मलाही होती. राग आला तो त्या ‘मला’ या शब्दाचा.

मग आम्ही फळ्यावर गणित मांडले. तुम्हीही वहीत करून पाहा.

धोका डोळ्यांना दिसल्यापासून हात ब्रेकवर आवळेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढा वेळ गाडी पूर्ण वेगाने पुढे जात असते. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर साधा चालक दर सेकंदाला वेग सेकंदाला सुमारे 5 मीटरने कमी करू शकतो असे धरू. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर. पहिल्या सेकंदात 16.7 मीटर जातात आणि ब्रेक लागल्यावर 27.8. म्हणजे एकूण जवळजवळ 44.5 मीटर. ताशी 80 ला हेच अंतर 71.6 मीटर होते. वेग एकतृतीयांशाने वाढला, पण ब्रेकचे अंतर पावणेदोन पटींहून जास्त झाले, कारण त्या सूत्रात वेगाचा वर्ग आहे. इथपर्यंत वर्गातल्या सगळ्यांना कळले.

खरा प्रश्न पुढचा होता. दोन मोटारसायकली शेजारीशेजारी चालल्या आहेत, एक 60 ने, दुसरी 80 ने. दोघांना एकाच क्षणी अडथळा दिसतो. 60 ची गाडी ज्या जागी पूर्ण थांबते, त्याच जागी 80 च्या गाडीचा वेग किती असेल? वर्गाने उत्तरे दिली : वीस, पंचवीस. एकाने धाडस करून तीस म्हटले. उत्तर येते ताशी 59 किलोमीटर. पहिला जिथे पाय टेकून उभा आहे, तिथून दुसरा 59 ने जातो. वर्गात कोणी बोलले नाही. तो मुलगा फळ्याकडे बघत राहिला.

यात वाळू, ओला रस्ता आणि झिजलेले टायर धरलेले नाहीत. फक्त मागचा ब्रेक दाबण्याची सवयही धरलेली नाही. ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे थांबवण्याचे बरेचसे काम पुढचा ब्रेकच करतो. पण तो दाबला की उलटून पडू, अशी भीती घालूनच बहुतेकांना गाडी शिकवलेली असते. मागचे चाक मात्र अडकते आणि गाडी आडवी घसरत जाते. आपल्या या मुलाचे तेच झाले.

आता थोडा इतिहास, तोही सैनिकाचाच. पहिल्या महायुद्धात अरबस्तानात गाजलेले कर्नल टी. ई. लॉरेन्स हे मोटारसायकलचे मोठे शौकीन होते. 13 मे 1935 रोजी इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यात ते आपल्या ब्रफ सुपीरियरवरून घरी चालले होते. रस्त्यातल्या खोलगट भागामुळे पुढे सायकलवर चाललेली दोन मुले त्यांना उशिरा दिसली. त्यांना चुकवताना लॉरेन्स गाडीवरून फेकले गेले. मुले वाचली. लॉरेन्स सहा दिवसांनी, 19 मे रोजी, शुद्धीवर न येताच वारले. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. त्यांना तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. या मृत्यूनंतर त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास हाती घेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या 21 महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर 2,279 मोटारसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसणारे मेले, असे त्यांनी 1941 च्या लेखात नोंदवले. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना कामावर असताना हेल्मेट सक्तीचे केले. नागरिकांना ती सक्ती व्हायला 1973 उजाडले.

आपल्याकडे 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली. त्यांत शंभरात चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले 50,029 होते. तेव्हा हेल्मेट घालाच, पट्टा आवळून घाला, मागे बसणाऱ्यालाही द्या. पण हेल्मेट तुमचे डोके वाचवते. दूधवाल्याला त्याचा उपयोग नाही.

कायद्याचेही एक कलम पाहून ठेवा. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 199अ हे कलम आले. अठरा वर्षांखालील मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड अशी आहे. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. या मुलाचे प्रकरण गावात आपसांत मिटले. मिटले म्हणजे काय, तर दवाखान्याचे पैसे दिले गेले. त्या मुलीच्या तीन महिन्यांच्या सकाळी कोणी मोजल्या नाहीत.

वेगाखेरीज बारीकसारीक गोष्टीही असतातच. सायलेन्सर काढून रात्री गल्लीतून फटफट करत जाणे, एका गाडीवर तिघे बसणे, दोन एस.टी. बसमधल्या फटीतून गाडी घुसवणे. यांत हुशारी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी सैन्याच्या सिग्नल्स दलाच्या ‘डेअर डेव्हिल्स’ पथकाची प्रात्यक्षिके पाहावीत. एका मोटारसायकलीवर माणसांचा मनोरा उभा राहतो. पण मैदान मोकळे केलेले असते आणि एकेक हालचाल महिनोन् महिने घोटलेली असते. समोरून कोणी दूध घेऊन येणार नसते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा आपण होऊन माझ्याकडे आला. अपघाताच्या जागी जाऊन, सायकल जिथे पहिल्यांदा दिसली तिथपासून टक्कर झाली तिथपर्यंत, त्याने कवायतीच्या तीस इंची पावलांनी अंतर मोजले होते. साठ पावले. म्हणजे 45.7 मीटर.

“साठने चाललो असतो तर मीटरभर आधीच थांबलो असतो, सर,” तो म्हणाला. मग म्हणाला, दूधवाल्या काकांकडेही जाऊन आलो. ते आता काठी घेऊन चालतात, रतीब अजून मुलगीच घालते.