हौसेच्या तलावाचा सांडवा

कारंजा (लाड)



नाल्यावर मातीची पाळ घालून पाणी अडवायचे, पण ओलितासाठी नव्हे. नाव फिरवायला, मासे धरायला, काठावर चार खोल्या बांधून पाहुणे ठेवायला. हा हौसेचा तलाव. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आले आणि समृद्धी महामार्गही कारंज्याजवळून गेला, तेव्हा अशी हौस इथल्या शेतकऱ्याला परवडणारी वाटली तर नवल नाही. अडाणसारख्या सरकारी धरणामागे अख्खे खाते असते. खासगी पाळीमागे फक्त मालक असतो. 2021 चा धरण सुरक्षा कायदा खासगी मालकालाही सोडत नाही, पण त्याचा रोख 15 मीटरहून उंच धरणांवर आणि 10 ते 15 मीटरमधल्या, ठरावीक अटींत बसणाऱ्या धरणांवर आहे. दोन पुरुष उंचीची पाळ त्यात येतच नाही. तपासायला कोणी येत नाही, एवढाच याचा अर्थ. पाळ पक्की आहे असा नव्हे.

मातीची पाळ बहुधा दोन तऱ्हांनी जाते: वरून पाणी गेल्याने किंवा आतून माती वाहून गेल्याने. दगडी बांधावरून पाणी गेले तर निभावते. मातीच्या पाळीवरून वीतभर पाणी काही वेळ वाहिले, तरी बाहेरच्या उतारावर घळ पडू लागते. ती घळ माती खात खात माथ्याकडे सरकते आणि माथा तुटला की सारा तलाव एकदम खाली धावतो. हे टाळण्यासाठी सांडवा, म्हणजे जादा पाणी पाळीवरून न जाता बाहेर पडायची वाट, असतो.

सांडवा किती रुंद हवा, हे डोळ्याने ठरवता येत नाही. समजा, तलावावर एक चौरस किलोमीटर पाणलोट आहे. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि त्यातला निम्मा वाहून आला, तर 25,000 घनमीटर पाणी होते. म्हणजे सेकंदाला सुमारे 7 घनमीटर. सांडवा 12 मीटर रुंद असेल, तर एवढे पाणी अर्धा मीटर उंचीने निघून जाते. तोच चार मीटरचा केला, तर पाणी मीटरभर चढते. पाळीचा माथा सांडव्याच्या उंबऱ्यापेक्षा मीटरभरच उंच असेल, तर तिथेच खेळ संपला. हा हिशेब केवळ नमुन्याचा आहे. खऱ्या तलावाचा आराखडा स्थापत्य अभियंत्याकडूनच, आणि याहून मोठा पूर धरून करून घ्यावा.

हौसेच्या तलावाची खरी अडचण अशी की, तो देखणा करण्यासाठी मालक जे जे करतो, ते बहुतेक सांडव्याच्या मुळावर येते. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळी बसते. तलाव काठोकाठ दिसावा म्हणून उंबऱ्यावर फळ्या किंवा वाळूची पोती रचली जातात. गाडी जावी म्हणून पाळीचा माथा छाटून रुंद होतो. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या साउथ फोर्क धरणावर नेमके हेच झाले. धनिकांच्या एका शिकार-मासेमारी क्लबने 1879 मध्ये जुने धरण घेतले. तळाचे पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते. क्लबने ते परत बसवले नाहीत. शिवाय पाळीचा माथा खाली आणला आणि सांडव्यावर माशांसाठी जाळ्या लावल्या. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टीत त्या जाळ्यांत काटक्या-कचरा अडकला, पाणी पाळीवरून गेले आणि खालच्या जॉन्सटाउन परिसरात 2,209 माणसे दगावली.

आतून जाणारी पाळ अधिक कपटी असते, कारण ती बाहेरून धडधाकट दिसते. कारंज्याकडची काळी माती पाणी अडवायला उत्तम, पण ती भिजली की फुगते आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा देते. म्हणून ती पाळीच्या पोटात असावी आणि तिच्यावर दोन्ही अंगांनी मुरमाचे कवच असावे. भराव पातळ थरांत, पाणी मारून, रोलरने दाबलेला हवा. ट्रॅक्टरने ढीग ओतून वरून चाके फिरवणे म्हणजे दबाई नव्हे. मोरीच्या, म्हणजे तळाचे पाणी सोडायच्या, नळाभोवतीची माती सर्वांत आधी दगा देते. झाडे मेल्यावर कुजलेल्या मुळांची पोकळी, उंदरांची आणि खेकड्यांची बिळे, सगळ्या पाण्याच्या वाटा होतात. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, तेव्हा तत्कालीन मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि राज्यभर हसे झाले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. बीळ खेकड्याचे असेल, पण ते बुजवायचे काम माणसाचे.

पाळीच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी नितळ असेल, तर त्यावर नजर ठेवावी. ते गढूळ झाले की आतली माती बाहेर येत आहे. त्या दिवशी मोरी उघडून तलाव उतरवायला लागावे आणि खालच्या वस्तीला व तहसील कार्यालयाला कळवावे. मोरीच नसलेला तलाव बांधू नये.

पाहुण्यांचा धोका निराळा. सांडव्यावरचे शेवाळ पाय टिकू देत नाही. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या तळ्याचा उतार त्याहून वाईट: पडलेला माणूस पोहणारा असला, तरी वर चढू शकत नाही. तिथे काठाला बांधलेले गाठींचे दोर आणि कुंपण हवेच.

पाळ फुटली तर द्यायच्या नुकसानभरपाईचा कायदा जुना आहे आणि गंमत म्हणजे तो एका खासगी तलावातूनच निघाला. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्लंडमधल्या खटल्यात गिरणीमालकाच्या तलावाचे पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरले होते. 1868 मध्ये निकाल लागला की, चूक नसली तरी मालक जबाबदार. भारतातल्या एका जमीनदाराचे जुने तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाले, तेव्हा 1874 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्याला सोडले. कारण ते तलाव शेतीसाठी आवश्यक होते आणि त्यांच्या निगराणीत हयगय दिसली नाही. नावा फिरवायला बांधलेल्या तलावाच्या मालकाला यातले पहिले कारण सांगता येणार नाही. दुसरे सांगायचे, तर आराखडा, दबाईच्या नोंदी आणि दर पावसाळ्याआधीच्या पाहणीची वही त्याच्याजवळ असली पाहिजे.

तुझा मामा