लिनक्सवर कोणता टेक्स्ट एडिटर घ्यावा?

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर (४ जीबी रॅम) लिनक्स मिंट टाकले आहे. मराठी टिपणे लिहायची आहेत आणि पायथॉनही शिकतो आहे. कोणता एडिटर बरा? जुन्या मराठी फाइल उघडल्या की भलतीच अक्षरे दिसतात, त्याचे काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : टिपणांसाठी नवीन काही टाकू नका. मिंटसोबत येणारा 'झेड' पुरेसा आहे. पायथॉनसाठी 'जीनी' घ्या. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये तो मिळतो, रॅम कमी खातो आणि फाइल सेव्ह करून एफ५ दाबले की प्रोग्रॅम लगेच चालवून दाखवतो.

'केट' जास्त ताकदीचा आहे. एकाच खिडकीचे भाग पाडून दोन फाइल शेजारी-शेजारी पाहता येतात. पण तो केडीई या वेगळ्या डेस्कटॉपचा असल्याने मिंटवर घेताना केडीईच्या बऱ्याच लायब्ररीही सोबत येतात. 'व्हीएस कोड' लोकप्रिय आहे खरा, पण तो इलेक्ट्रॉनवर, म्हणजे क्रोमियम ब्राउझरच्या इंजिनावर बेतलेला. ब्राउझरसोबत चालवलात तर ४ जीबीत मशीन रखडेल.

भलती अक्षरे हा एडिटरचा दोष नाही. त्या फाइल बहुधा श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असाव्यात. एडिटर कितीही बदलले तरी फरक पडणार नाही. मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. त्याआधी मूळ फाइलची एक प्रत मात्र जरूर काढून ठेवा.